कपडे मुद्देमाल असू शकतात, चारित्र्याचा दाखला नाही

टेक्सासमधल्या एका आरोपीने खटल्याच्या दिवशी तुरुंगातल्या अधिकाऱ्याकडे स्वतःचे साधे कपडे मागितले. मिळाले नाहीत. तो कैद्याच्या कपड्यांतच ज्युरीसमोर, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांसमोर बसला आणि दोषी ठरला. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९७६ साली न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरोपीला कैद्याच्या वेशात ज्युरीपुढे बसायला सरकार भाग पाडू शकत नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, या गृहीतकालाच त्याने धक्का लागतो. आणि त्याच निकालात त्या माणसाची शिक्षा कायम ठेवली! का, तर त्याने किंवा त्याच्या वकिलाने न्यायाधीशांसमोर हरकत घेतली नव्हती. तुरुंगाधिकाऱ्याकडे मागणं पुरेसं नव्हतं म्हणे.

मला याचा राग येतो. कैद्याच्या वेशात खटला कोणाचा चालतो? ज्याला जामिनाचे पैसे भरता येत नाहीत त्याचा. ही गोष्ट त्याच निकालपत्रात लिहिलेली आहे. म्हणजे हक्क गरिबाला द्यायचा, आणि तो योग्य क्षणी, योग्य माणसासमोर, योग्य शब्दांत मागायची जबाबदारीही त्याच्यावरच टाकायची. दिसणाऱ्या बेड्यांबद्दल तेच न्यायालय २००५ साली जास्त ठाम बोललं: खास कारण नसेल तर शिक्षा ठरवण्याच्या टप्प्यावरसुद्धा ज्युरीला आरोपीच्या बेड्या दिसता कामा नयेत.

कपडे उलट दिशेनेही काम करतात. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात आरोपी नौदल अधिकारी पदकं लावलेल्या पांढऱ्या गणवेशात मुंबईच्या कोर्टात यायचे. ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे जन्मठेप झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. एकट्या गणवेशामुळे ज्युरी फिरली असं मी म्हणणार नाही, वर्तमानपत्रांचाही मोठा वाटा होता. पण त्याच पुराव्यावर कैद्याचे कपडे घातलेला एखादा मजूर त्या पिंजऱ्यात उभा असता, तर नऊपैकी आठ जण त्याच्या बाजूने गेले असते का?

टॅटूचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण टॅटू उतरवून ठेवता येत नाही. कधीकधी तो खरोखरच पुरावा असतो, हे आधी मान्य करते. लॉस एंजेलिसजवळ एका टोळीतल्या माणसाने २००४ सालच्या खुनाचं अख्खं दृश्य छातीवर कोरून घेतलं होतं: दारूचं दुकान, दिव्यांच्या माळा, रस्त्यावरचा वाकडा दिव्याचा खांब. पुढे दुसऱ्याच कारणासाठी त्याला पकडल्यावर काढलेले फोटो एका तपास अधिकाऱ्याच्या नजरेस पडले आणि त्याला घटनास्थळ आठवलं. २०११ मध्ये तो दोषी ठरला. इथे टॅटू थेट गुन्ह्याबद्दल बोलत होता. तो पुराव्यात यायलाच हवा.

पण बहुतेक टॅटू कुठल्याच गुन्ह्याबद्दल काही सांगत नाहीत. डेलावेअरमधल्या एका खून खटल्यात आरोपीच्या हातावर गोऱ्या वर्चस्ववादी टोळीचं नाव गोंदलेलं होतं. त्याचं टोळीशी असलेलं नातं शिक्षा ठरवताना ज्युरीपुढे मांडलं गेलं. खून करणाराही गोरा, मेलेली बाईही गोरी. त्या विचारांचा या खुनाशी काही संबंध सरकारी पक्षाला दाखवता आला नाही. १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं, कारण त्यातून फक्त आरोपीचे विचार घाणेरडे आहेत एवढंच दिसत होतं. विचार घाणेरडे होतेच. पण फाशी विचारांना द्यायची नसते.

फ्लोरिडात एका न्यायाधीशाने खुनाच्या आरोपीच्या चेहऱ्यामानेवरची स्वस्तिकं वगैरे रोज मेकअपने झाकायला लावली, तीही सरकारी खर्चाने. खूप जण संतापले. ज्यांच्या घरातला मुलगा गेला त्यांचं दुःख मला समजतं. तरी मला तो आदेश योग्यच वाटतो. २०१० मध्ये चेहरा झाकूनही तो माणूस दोषी ठरला, आणि ‘टॅटू बघून ज्युरी बिथरली’ असं म्हणायला जागा उरली नाही.

याच्या उलटं अमेरिकेतल्याच पोर्टलंडमध्ये घडलं. २०१७ च्या बँक लुटीच्या तपासात पोलिसांनी संशयिताच्या चेहऱ्यावरचे टॅटू फोटोतून संगणकावर पुसले आणि तो फोटो इतर माणसांच्या फोटोंसोबत ओळख पटवण्यासाठी साक्षीदारांना दाखवला. लुटारूच्या तोंडावर टॅटू होते असं बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं! तो इतरांपेक्षा वेगळा दिसू नये म्हणून पुसले, असं पोलिसांचं म्हणणं. ब्रिटनच्या नियमांत वेगळी खूण सगळ्यांच्याच चेहऱ्यावर झाकता येते किंवा सगळ्यांवर तशीच आणता येते, आणि ते ठीक आहे. पण साक्षीदाराने सांगितलेल्या वर्णनात टॅटू नसेल आणि संशयिताच्या गालावर असेल, तर ती त्याच्या बचावाची बाजू आहे. तीच पुसायची?

आणि जिथे खटलाच चालत नाही तिथे तर टॅटू म्हणजेच निकाल. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने दोनशेहून जास्त व्हेनेझुएलन पुरुष टोळीचे सदस्य म्हणून एल साल्वादोरच्या तुरुंगात पाठवले. त्यातल्या एका फुटबॉलपटूच्या दंडावर फुटबॉलवर मुकुट गोंदलेला होता. तो रेआल माद्रिद क्लबच्या चिन्हावरून घेतलाय, असं त्याच्या वकिलाने सांगितलं. कोर्टात हे सांगायची संधीच त्याला मिळाली नव्हती. सुटका जुलैमध्ये झाली.

आतापर्यंत आरोपींबद्दल लिहिलं. पण सगळ्यात जास्त कपडे तपासले जातात ते तक्रार करणाऱ्या बाईचे. फाटलेला कुर्ता, त्यावरचा डाग, निघालेलं बटण हे सगळं मुद्देमालात जायलाच हवं. ते काय घडलं ते सांगतं. गळा किती खोल होता, हे काहीच सांगत नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बलात्काराची शिक्षा रद्द करताना लिहिलं होतं की घट्ट जीन्स घालणाऱ्या बाईच्या सहकार्याशिवाय उतरवता येत नाही. २०१८ मध्ये आयर्लंडमध्ये बचावाच्या वकिलाने ज्युरीला सतरा वर्षांच्या मुलीची लेसची अंतर्वस्त्रं लक्षात घ्यायला सांगितली. आरोपी सुटला. नंतर एका महिला खासदाराने तशीच अंतर्वस्त्रं संसदेत हातात धरून जाब विचारला.

आपल्याकडे आता ज्युरी नाही, न्यायाधीश प्रशिक्षित असतात, असं कोणी म्हणेल. मार्च २०२१ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की जामिनाच्या आदेशात पीडितेच्या कपड्यांची, वागण्याची चर्चा येता कामा नये. तरी ऑगस्ट २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने आरोपीने अर्जासोबत जोडलेले तक्रारदार बाईचे फोटो पाहिले, तिचे कपडे ‘उत्तेजक’ आहेत असं लिहिलं आणि लैंगिक छळाचं कलम प्रथमदर्शनी लागू होत नाही म्हणून अटकपूर्व जामीन दिला. केरळ उच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये तो शेरा काढून टाकला. जामीन मात्र राहिला.

म्हणून आता उपदेशाऐवजी नियम हवेत. आरोपी तुरुंगाच्या कपड्यांत समोर आला, तर त्याने मागायची वाट न पाहता न्यायाधीशांनीच विचारावं आणि उत्तर नोंदवून घ्यावं. टॅटूचा फोटो पुराव्यात आणायचा असेल, तर त्याचा या गुन्ह्याशी काय संबंध आहे ते सरकारी वकिलाने आधी लेखी द्यावं. आणि तक्रारदार बाईचे जुने फोटो अर्जासोबत आले, तर बचावाच्या वकिलालाही तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर नसेल तर फोटो परत करावेत.