जनावराला औषध द्यायचंच. कोणतं द्यायचं एवढाच प्रश्न

नमस्कार,

गुरांना दिलेल्या एका औषधामुळे गिधाडं संपली, या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिली आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळा होत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शहरात बसून निसर्गप्रेम सोपं असतं. आमचा बैल तापाने पडला तर मढं खाणाऱ्या पक्ष्याचा विचार करून त्याचं औषध थांबवायचं का? आणि प्रजाती येतात-जातात. डायनासोर गेले, तशी गिधाडं गेली. माणसाचं काय अडलं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण माणसाचं अडलं, आणि चांगलंच अडलं.

गावाबाहेरची ढोरफोडीची जागा तुम्ही पाहिली असेलच. कातडं काढून नेलं की उरलेला बैल गिधाडांचा थवा तासाभरात संपवायचा. मागे राहायची ती स्वच्छ हाडं, आणि तीही गोळा करून विकणारी माणसं होती. ही साफसफाई फुकट व्हायची, म्हणून तिचा हिशेब कुणी ठेवला नाही. गिधाडं संपल्यावर मढी तशीच कुजायला लागली, ओढ्या-विहिरींजवळ पडून राहिली आणि त्यांच्यावर भटकी कुत्री पोसली गेली. कुत्री वाढली की चावे वाढतात आणि रेबीजही. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी जिल्हावार मृत्युदर तपासले. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर असायची ते जिल्हे एका बाजूला आणि जिथे ती फारशी नव्हतीच ते दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. पहिल्या गटात माणसांचा मृत्युदर 4 टक्क्यांहून जास्त वाढलेला निघाला. 2000 ते 2005 या काळात सुमारे 5 लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज 2024 साली प्रसिद्ध झाला. अंदाजच आहे तो, त्यावर वाद घालता येईल. पण निम्मा धरला तरी तो आकडा माणसांचा आहे, पक्ष्यांचा नाही. आणि ही माणसं बहुतेक जिथे मढी टाकली जातात तिथे आसपास राहणारी असणार. माझ्या सोसायटीत मेलेला बैल कुणी आणून टाकत नाही.

डायनासोरांचं म्हणाल, तर त्यांना कुणी इंजेक्शन दिलं नव्हतं. 1980च्या दशकात पांढऱ्या पाठीचं गिधाड आपल्याकडे इतकं होतं की त्याची मोजदाद करायचं कुणाला सुचत नव्हतं. 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत त्यातली 99.9 टक्के गेली. सुरुवातीला साथीच्या रोगाचा संशय होता. 2004 साली पाकिस्तानातल्या अभ्यासातून खरं कारण पुढे आलं: डायक्लोफिनॅक. माणसांचं हे वेदनाशामक नव्वदच्या दशकात स्वस्त झालं आणि गुरांना सर्रास टोचलं जाऊ लागलं. इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांत जनावर मेलं, तर औषध त्याच्या मांसात शिल्लक असतं. ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं आणि हृदय-यकृतावर पांढरा खडूसारखा थर बसतो. एका मढ्यावर पन्नास-पन्नास गिधाडं उतरतात. त्यामुळे शंभरातलं एखादं मढं विषारी असलं तरी सगळा थवा संपायला तेवढं पुरतं. शिवाय गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते आणि पिल्लू वयात यायला पाचेक वर्षं लागतात. म्हणजे गेलेलं भरून निघायला पिढ्या जाणार. हरियाणात पिंजोरला त्यांचं प्रजनन केंद्र चालतं, तिथलं काम इतकं संथ का, याचं उत्तर यातच आहे.

आता तुमचा बैल. त्याचं औषध थांबवा असं कुणीही म्हणत नाही, मीही म्हटलेलं नाही. मेलोक्सिकॅम हे औषध जनावराच्या तापावर, सुजेवर चालतं आणि गिधाडांना त्याचा अपाय होत नाही, हे तपासून झालेलं आहे. 2006 साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मग पळवाट निघाली: माणसांसाठीची मोठी बाटली घ्यायची आणि गोठ्यात वापरायची. 2015 मध्ये माणसांचं इंजेक्शन 3 मिलीच्या एकाच डोसात विकायचं बंधन घातलं, ते म्हणूनच. ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या गिधाडांना तशाच घातक वेदनाशामकांवर जनावरांपुरती बंदी यायला मात्र 2023 उजाडलं. या दिरंगाईत शेतकऱ्याचा दोष मला तरी दिसत नाही. त्याला जे स्वस्त आणि हाताशी होतं ते दिलं गेलं, बाटलीत काय आहे ते सांगायला कुणी आलं नाही.

शहर आणि गावाबद्दल तुम्ही लिहिलंत, ते मला पटतं. रानडुकरांनी भुईमूग उकरला की नुकसान शेतकऱ्याचं आणि अभयारण्याचं कौतुक शहरात, हे खरंच आहे आणि त्यावर वेगळं लिहायला हवं. पण तो राग गिधाडावर काढू नका. ते तुमचं काहीच खात नव्हतं. रायगडात म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या लोकांनी घरट्यांची झाडं राखली, मेलेली गुरं गिधाडांना मिळतील अशी सोय केली. ती माणसंही तुमच्यासारखीच गुरं पाळणारी आहेत.

एक विचारतो, जमलं तर उत्तर द्या. तुमच्या गावातल्या ढोरफोडीच्या जागेचं आज काय झालंय? आणि पशुवैद्य आले की हल्ली कोणती बाटली वापरतात? नाव बघून कळवलंत तर पुढच्या लेखात उपयोग होईल. डायक्लोफिनॅक दिसलं तर तिथेच थांबवा आणि मेलोक्सिकॅम मागा.