‘चालू कर्नल सोडून बाकी सगळे उडवा’ हा सल्ला ऐकू नका

उबंटू ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो असा: दर अपडेटला जुना कर्नल (सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर चालवणारा प्रोग्राम) मागे राहतो, त्याने कॉम्प्युटर स्लो होतो, म्हणून चालू कर्नल सोडून बाकीचे सगळे काढा. त्यासाठी सल्ल्यासोबत दिलेली लांबलचक ओळ टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) चिकटवा, नाहीतर सरळ कर्नलच्या फाइली असतात त्या बूट फोल्डरमधून त्या डिलीट करा. यातलं कर्नल मागे राहतात एवढंच खरं आहे. बाकीच्या सल्ल्याने चांगली चाललेली मशीन बिघडतात.

आधी खरं ते. उबंटूत प्रत्येक कर्नलचं पॅकेज (इन्स्टॉल करायचा गठ्ठा) वेगळं असतं, आवृत्तीचा आकडा पॅकेजच्या नावातच असतो. त्यामुळे ६.८.०-४७ आला की तो ६.८.०-४५ ला हटवत नाही, त्याच्या शेजारी येऊन बसतो. हे मुद्दाम केलंय. नवा चालला नाही तर जुन्यावर मशीन सुरू करता यावं.

‘त्याने स्लो होतो.’ नाही होत. मशीन सुरू होताना एकच कर्नल मेमरीत चढतो, बाकीचे डिस्कवर नुसते पडून असतात. ते जागा अडवतात, वेग अडवत नाहीत. मशीन रडतखडत चालत असेल तर रॅम आणि हार्डडिस्क बघा.

‘ही ओळ चिकटवा.’ सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. ती ओळ ‘यूनेम -आर’ या कमांडला विचारते की आत्ता कुठला कर्नल चालू आहे, आणि तेवढा वगळून आकडेवाले बाकीचे सगळे न विचारता काढते. पण चालू कर्नल म्हणजे सर्वांत नवा कर्नल नव्हे! अपडेट आपोआप होतात, नवा कर्नल येऊन बसलेला असतो, आणि आपण पंधरा दिवस लॅपटॉप नुसता मिटून ठेवतोय, रीस्टार्ट केलेलाच नाही. अशा वेळी ती ओळ नेमका नवाच कर्नल उडवते.

तेवढ्यावर भागत नाही. ‘लिनक्स-जेनेरिक’ नावाचं एक रिकामं पॅकेज असतं. सर्वांत नव्या कर्नलला धरून ठेवायचं एवढंच त्याचं काम. नवा कर्नल काढला की तेही जातं, आणि ते गेलं की पुढचे कर्नल येणंच बंद होतं. एरर नाही, सूचना नाही. माझ्या मावशीच्या लॅपटॉपवर हेच झालं होतं. तिच्या मुलाने ती ओळ चिकटवली होती. मावशी म्हणाली, ‘‘अरे, अपडेट तर मी नेमाने करते.’’ करत होतीच, ब्राउझरपासून सगळं ताजं होतं. फक्त कर्नल आठ महिन्यांपूर्वीचा, मधल्या काळातली सुरक्षेची एकही दुरुस्ती त्यात नाही. ते पॅकेज परत टाकलं (डेस्कटॉपवर सहसा त्याचा ‘एचडब्ल्यूई’, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठीचा प्रकार असतो) आणि रीस्टार्ट केलं, तेव्हा गाडी रुळावर आली.

‘बूट फोल्डरमधून डिलीट करा.’ हे तर करूच नका. पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या पॅकेज मॅनेजरला त्याचा पत्ताच नसतो, त्याच्या हिशेबी कर्नल अजून जागेवरच आहे. ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेन्यूत मेलेली नावं दिसत राहतात. आणि जागा तरी कितीशी सुटते? कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे त्याचे सुटे भाग) ‘लिब’ फोल्डरमध्ये तसेच राहतात.

‘एकच ठेवा.’ दोन ठेवा. नव्या कर्नलवर वायफाय गेलं किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बसला नाही, तर सुरू होताना शिफ्ट, नव्या मशीनवर एस्केप दाबून ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना निवडता येतो. तो पर्याय आपल्याच हाताने कशाला घालवायचा? फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकारही मूळ सेटिंगमध्ये तीन ठेवतो.

साफसफाईला एक साधी कमांड आहे: ‘सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज’. ती चालू कर्नलला आणि सर्वांत नव्याला हात लावत नाही. आधी रीस्टार्ट करा, मग ती चालवा, आणि ‘वाय’ दाबण्याआधी समोर आलेली यादी वाचा. स्वतः नाव घेऊन टाकलेला कर्नल ती काढत नाही, तो नावानिशीच काढावा लागतो.

एका ठिकाणी मात्र हा सल्ला देणाऱ्यांची तळमळ मला पटते. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर बूटचं पार्टिशन वेगळं आणि लहान असतं, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये तर जेमतेम अर्धा-पाऊण जीबी. ते भरलं की अपडेट अर्ध्यात अडकतं, आणि ऑटोरिमूव्हही ‘आधी मोडलेलं दुरुस्त करा’ म्हणत बसतं. तेव्हा ‘यूनेम -आर’ने चालू आकडा बघून घ्या, तो सोडून सर्वांत जुना एकच कर्नल त्याच्या ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ पॅकेजसकट ‘डीपीकेजी --पर्ज’ या कमांडने काढा, मग ‘ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवा. अडकलेलं अपडेट पुरं झालं की उरलेलं ऑटोरिमूव्हवर सोडा.