थॉर्पनेसची टाकी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. थॉर्पनेस गावच्या, घरासारख्या दिसणाऱ्या पाण्याच्या टाकीवरच्या 'ढगांतलं घर' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की तिथे माणसं पहिल्यापासून राहत होती, तेव्हा '१९७९ मध्ये टाकीचं घर झालं' हे माझं वाक्य चूक. शिवाय टाकीला घराचं सोंग देणं ही फसवणूक, तिचं कौतुक कशाला?

पहिलं अगदी मान्य. चूक माझीच. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यावर ग्लेनकेर्न स्टुअर्ट ऑगिल्व्ही यांनी सुट्टीसाठी येणाऱ्यांचं हे थॉर्पनेस गाव वसवलं. त्याला पाणी पुरवायला १९२३ मध्ये हा सत्तर फुटी मनोरा बांधला. वर टाकी आणि खालच्या पोलादी सांगाड्याला फळ्यांच्या भिंती घालून राहतं घर.

फसवणूक मात्र मला पटत नाही. पाणी आपल्या वजनाने नळाला यायचं, तर टाकी उंचावर हवीच. पाणी वर चढवायची ती शेजारची पवनचक्की. (ती मुळात धान्य दळणारी, १८०३ ची, जवळच्या ऑल्ड्रिंगम गावाहून उचलून आणलेली. तिच्यावर वेगळं लिहायलाच हवं.) वाऱ्याचा भरवसा नाही, म्हणून साठा दांडगा : ५०,००० गॅलन, म्हणजे सव्वादोन लाख लिटर. एवढं पाणी डोक्यावर घेऊन खालची माणसं रात्री झोपत होती! गावातल्या प्रत्येक घरात तेच पाणी येत असताना फसलं कोण? ऑगिल्व्हींना एवढंच हवं होतं, की आभाळात उघडी टाकी दिसू नये. म्हणून टाकीला छप्पर आणि खिडक्या दिल्या. तिथे राहायला आलेल्या, मुलांसाठी लिहिणाऱ्या एका बाईंनी तिला 'ढगांतलं घर' म्हटलं, आणि तेच नाव टिकलं.

दुसऱ्या महायुद्धात थॉर्पनेसच्याच विमानवेधी तोफांचा मारा टाकीला लागला. तिचेच पत्रे वापरून ती दुरुस्त केली, पण मग त्यात ३०,००० गॅलनच मावू लागलं. १९७७ मध्ये गावाला मुख्य जलवाहिनीचं पाणी मिळालं, टाकीची गरज संपली, आणि दोन वर्षांनी ती काढून ती जागाही घरात घेतली. उघडीबोडकी टाकी असती, तर तेव्हाच भंगारात गेली असती, असं मला मनापासून वाटतं. घर होतं, म्हणून १९९५ मध्ये त्याची संरक्षित वास्तू म्हणून नोंद झाली.

लेखातलं ते वाक्य आजच बदलतो. 'टाकीचं घर' च्या जागी 'टाकीखालचं घर वरपर्यंत वाढलं' असं लिहितो.