पेशंटचा हात बघायला शिकवा, नुसती शब्दांची यादी नको

अमराठी नर्सेसना मराठी शिकवायचं ठरलं की सगळ्यात आधी काय तयार होतं, तर पीडीएफ. एका बाजूला मराठी, मधे हिंदी, पलीकडे इंग्लिश, दोनेकशे शब्द, आणि ती व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली की सगळ्यांना वाटतं झालं काम. मी पुण्यात अशा मुलींना (आणि मुलांना, ब्रदर पण असतात) बोलायचं मराठी शिकवते, बहुतेक जण केरळचे, थोडे उत्तरेकडचे, आणि माझं आता पक्कं मत झालंय की त्या यादीतून वॉर्डातलं मराठी येत नाही. कारण वॉर्डात कोणी शब्द नुसता बोलत नाही हो. हात, चेहरा, आवाज, सगळं एकदम येतं, आणि नवीन भाषा शिकणाऱ्याला निम्मा आधार त्याचाच असतो. आपण नेमकं तेच कापून उरलेलं शिकवतो.

दुखणं कसं सांगतात ते बघा एकदा. "ठणकतंय" म्हणणाऱ्या माणसाची बोटं बघा, उघडमीट, उघडमीट चालू असते. "चमक मारते" म्हणताना हात सपकन कमरेपासून खाली पायापर्यंत जातो, तिथेच कळतं दुखणं कुठून निघतं नि कुठवर जातं. "मुरडा येतो" ला मूठ पिळल्यासारखी फिरते. "मुंग्या येतात" ला बोटं वळवळतात. "जळजळ" म्हणणारा तळहात छातीच्या मधून गळ्याकडे वर नेतो आणि "मळमळतंय" वाल्याचा चेहरा आधी बोलतो, शब्द मागून येतो. आता या सगळ्याला इंग्लिश रकान्यात काय लिहिलेलं असतं? पेन, पेन, पेन, बर्निंग, व्हॉमिटिंग. ती मुलगी पाठ करते बिचारी, मन लावून करते, आणि सकाळी ड्युटीवर आल्यावर साताऱ्याकडची आजी म्हणते "आगं पोटात निस्ता गोळा उटतोय बग", आणि यादीतला एकही शब्द कामाला येत नाही. पण आजीची मूठ बेंबीपासून वर वर सरकत असते. ती मूठ वाचता आली तर "गोळा" हा शब्द त्याच क्षणी शिकून होतो आणि परत विसरत नाही.

छातीवर आवळलेली मूठ ठेवून सांगणारा पेशंट असला तर डॉक्टर लोक कान टवकारतात, त्याला लेव्हाइन साइन असं नावच आहे, सॅम्युअल लेव्हाइन नावाच्या अमेरिकन हार्ट स्पेशालिस्टवरून पडलेलं. म्हणजे मेडिकलवाल्यांना हाताचं महत्त्व माहीत नाही असं नाही. (मूठ नाही म्हणून हार्टचा त्रास नाही असा उलटा अर्थ मात्र कोणी काढू नका, तसं नसतं.) माझं म्हणणं एवढंच की जे डॉक्टरला शिकवतात तेच नर्सच्या भाषेच्या तासाला का आणत नाही.

शिकवायच्या बाजूने बघितलं तर नर्सचं अर्धं मराठी हे आज्ञार्थी असतं. कुशीवर वळा, पाय दुमडा, तोंड उघडा, श्वास रोखून धरा, आता सोडा, मूठ आवळा, हात सैल सोडा. जेम्स अॅशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात एक पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स म्हणतात तिला, त्यात शिकवणारा सूचना देतो, करून दाखवतो, आणि शिकणाऱ्याने तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त ती कृती करायची. बोलणं नंतर, आपोआप तयार झालं की. या पद्धतीवर टीका पण होते की अमूर्त गोष्टी यात शिकवता येत नाहीत, खरंय ते, "बिलाचा हप्ता" कोण अंगाने करून दाखवणार. पण वॉर्डासाठी याहून फिट बसणारी पद्धत मला तरी सापडलेली नाही. एक जण बेडवर झोपतो, दुसरी सूचना देते, बाकीच्या बघतात. "कुशीवर" आणि "पालथं" यातला फरक वहीत लिहून कोणाच्याच लक्षात राहत नव्हता, एकदा अंग वळवून पालथं झालं की तो विषय संपतो.

ओठांचं वेगळंच. चहातला च आणि चमच्यातला च, लिहायला एकच, पण चमच्याच्या वेळी दात जवळ येतात, जीभ पुढे टेकते, समोर बसून तोंडाकडे बघितलं तर दिसतं. उत्तरेकडच्या मुलींना ळ चं हेच, तोंड जरा उघडं ठेवून जीभ मागे वळलेली दाखवावी लागते, नाहीतर "गोळी" ची "गोली" होते. (केरळच्या मुलींना ळ शिकवावा लागत नाही, त्यांच्याकडे तो आहेच, त्यांना खरी मेहनत ख, थ, भ वर लागते, तिथे तोंडापुढे कागदाचा कपटा धरायचा, हलला की बरोबर.) आपण कानाने ऐकतो असं वाटतं, पण डोळे त्यात सतत ढवळाढवळ करत असतात. 1976 मध्ये हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी एक प्रयोग छापला, त्यात आवाज "बा" चा लावला आणि पडद्यावरच्या माणसाचे ओठ "गा" चे दाखवले, तर बऱ्याच लोकांना चक्क "डा" ऐकू आलं. आणि गोंगाटात बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर शब्द जास्त कळतात हे तर 1954 पासून मोजून दाखवलेलं आहे.

आता यात मास्क घाला. वॉर्डात नर्सच्या तोंडावर मास्क, पेशंटच्या तोंडावर कधी मास्क कधी ऑक्सिजन, वर मॉनिटरचं टींटीं. आपल्यासारख्या जन्मापासून मराठी बोलणाऱ्याचं निभतं, कारण अर्धा शब्द ऐकू आला तरी उरलेला आपण भरून घेतो. तिच्याकडे भरायला साठाच नसतो अजून. म्हणून नवीन मुलीला एकदम रिसेप्शनच्या फोनवर बसवू नका असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते. फोनवर चेहरा नाही, हात नाही, आणि पलीकडे घाबरलेला नातेवाईक भराभर बोलतोय. ते सगळ्यात शेवटी शिकायचं काम आहे.

आणि हो, "संवादातलं 93 टक्के देहबोली असते, शब्द फक्त 7 टक्के" हे जे प्रत्येक पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासमध्ये सांगतात ना, ते प्लीज थांबवा. अल्बर्ट मेहराबियनच्या 1967 च्या अभ्यासातून ते आकडे आले, आणि ते प्रयोग सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजात ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून केलेले होते, समोरच्याला आपण आवडतो की नाही हे लोक कशावरून ठरवतात एवढाच प्रश्न होता. मेहराबियननी स्वतःच सांगितलंय की हे सगळ्या बोलण्याला लावू नका. "जेवणाआधी एक गोळी, जेवणानंतर दोन" यातलं 93 टक्के हातवाऱ्यात आहे असं मानून चाललं तर माणूस मरेल. शब्द लागतातच. हावभाव त्या शब्दापर्यंत पोचवतात, त्याची जागा घेत नाहीत.

म्हणूनच शिकवणाऱ्याने आपले हात हळूहळू काढून घ्यायचे असतात. सुरुवातीला मी सगळं अभिनयाने दाखवते, पण नंतर तेच वाक्य हात मागे बांधून म्हणते, मग पाठ करून उभी राहून म्हणते. नाहीतर मुली माझे हात वाचायला शिकतात, मराठी राहतं बाजूला. उलटा खेळ पण घेते, व्हिडिओचा आवाज बंद करून विचारायचं की हा माणूस काय सांगत असेल. त्यातून जी चर्चा होते ती सोन्यासारखी असते, कारण प्रत्येकजण आपल्या गावचा अर्थ लावतो.

सगळ्यात धोक्याची गोष्ट म्हणजे मान. आपण मान डुलवतो तेव्हा त्यात हो पण असतं, बरं पण असतं, आणि "तुम्ही म्हणताय तर असेल" पण असतं. मोठ्या डॉक्टरसमोर म्हातारी माणसं काही न कळताच मान हलवतात, आणि नवी नर्स पण सिनिअरसमोर तेच करते. दोघांच्या माना हलतात आणि सगळ्यांना वाटतं निरोप पोचला. इथे "कळलं का?" हा प्रश्न पूर्ण निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर हो शिवाय दुसरं येतच नाही. "आजी, गोळी कधी घ्यायची ते मला सांगा बरं", "इन्सुलिनचं पेन कसं धरायचं दाखवा बरं", असं विचारायचं, हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात पाठ करून घेते. आणि "च्च" चा तर स्वतंत्र तास लागतो. एकदाच, जरा मान वर करून केलं तर नाही. दोन-तीनदा, भुवया खाली आणून केलं तर अरेरे. "जेवलात का काका?" वर काकांनी "च्च" केलं आणि नर्सला वाटलं काका कशाचं तरी वाईट वाटून घेतायत, तर ती पाठीवर हात ठेवून समजूत काढत बसते आणि उपाशीपोटी गोळी जाते. "हं", "अंहं" आणि "हं?" हे तीन पण असेच, कुठल्याच पीडीएफमध्ये नाहीत आणि दिवसभर कानावर पडतात. करंगळी वर करणाऱ्या पेशंटला युरिन पॉट हवाय हे मात्र सगळ्याजणी न शिकवता ओळखतात, ते देशभर एकच दिसतंय!

तर आता मुद्द्याचं काम. मला छोटे व्हिडिओ करायचेत, एकेक मिनिटाचे, खऱ्या पेशंटचे अजिबात नकोत, तो त्यांचा खासगी विषय आहे. घरातल्या आजी-आजोबांनी, काका-मावशींनी कॅमेऱ्यासमोर बसून फक्त सांगायचं की कंबर दुखली तर तुम्ही कसं सांगता, पोट बिघडलं तर कसं सांगता. स्क्रिप्ट नाही, आपल्या बोलीत, हात मोकळे ठेवून. पुण्या-मुंबईचे मिळतील, मला वऱ्हाडातले, मराठवाड्यातले, कोकणातले, खानदेशातले हवेत, कारण ॲडमिट होणारी माणसं तिकडूनच येतात. ज्यांच्या घरी कोणी तयार असेल त्यांनी मेसेज करा, चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये येतील असा फोन आडवा धरून करायचं एवढीच अट आहे.