‘गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘डिप्रेशन हा आजार नाही, औषध कंपन्यांचा धंदा आहे’ असा एक लांबलचक मेसेज सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. शेवटी हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’. एरवी असलं काही मी न वाचता पुसून टाकतो. पण हा वर्तकनगरला माझ्या मावशीपर्यंत पोचला आणि तिने कोणालाही न विचारता डिप्रेशनच्या गोळ्या एका झटक्यात बंद केल्या.

त्यामुळे आधी त्याच मुद्द्याचं बघू. ‘या गोळ्यांचं व्यसन लागतं, एकदा सुरू झाल्या की आयुष्यभर सुटत नाहीत, म्हणून आजच फेकून द्या.’ मावशीने फेकल्या. आठवडा संपायच्या आत चक्कर, मळमळ, झोप उडालेली, डोक्यात मधूनच वीज चमकल्यासारखं. यावर तिचं म्हणणं काय, तर बघा, व्यसन लागलंच होतं! म्हणजे मेसेजनेच त्रास दिला आणि तोच मेसेजचा पुरावा ठरला. अहो, हा त्रास अचानक थांबवल्याचा असतो. मेंदूला गोळीची सवय झालेली असते, हे खरं. पण व्यसनात तलफ येते, डोस वाढवत न्यावा लागतो, तसं इथे होत नाही. म्हणूनच डॉक्टर डोस आठवड्या-आठवड्याने, कधी महिनोन्महिने कमी करत आणतात. काहींना तेही जड जातं, ते मी नाकारत नाही.

आता ‘आयुष्यभर’. ब्रिटनमधला एक अभ्यास २०२१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. बरं वाटत असलेले आणि गोळी सोडायचा विचार करणारे ४७८ जण. निम्म्यांची गोळी चालू ठेवली, निम्म्यांची हळूहळू कमी करून बंद केली आणि त्याजागी तशीच दिसणारी, औषध नसलेली खोटी गोळी दिली, आणि आपल्याला कुठली मिळतेय हे कोणालाच सांगितलं नाही. वर्षभरात गोळी चालू असलेल्यांपैकी ३९ टक्के जणांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के जणांचा. म्हणजे बंद करूनही ४४ टक्के वर्षभर ठीक राहिले. आयुष्यभराची थाप तिथेच संपली. पण बंद केल्यावर धोका वाढतो हेही तिथेच दिसतं, आणि ही मंडळी तर बेताबेताने, देखरेखीखाली सोडत होती. रात्री मेसेज वाचून सकाळी पाकीट कचऱ्यात टाकणाऱ्यांची गोष्टच वेगळी.

‘सेरोटोनिनची थिअरी खोटी ठरली.’ बरं, हे निम्मं खरं आहे. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन कमी पडतं म्हणून डिप्रेशन येतं, याला ठोस पुरावा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. सोपं करून सांगायच्या नादात डॉक्टरांनीही ते बरीच वर्षं खपवलं. पण म्हणून गोळ्या निरुपयोगी ठरत नाहीत. २०१८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात डिप्रेशनच्या औषधांच्या ५२२ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. २१ च्या २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. फरक माफक होता, पण होता.

‘रक्ताची तपासणी नाही, म्हणजे सगळा अंदाज.’ मायग्रेनही रक्तात दिसत नाही. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज, उदासी किंवा कशातच रस नसणं, सोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, मरणाचे विचार, असं मोजून विचारतात. थायरॉइड, बी-१२ बघतात ते दुसरं कारण निसटू नये म्हणून.

‘पूर्वी असलं काही नव्हतं.’ ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ चं आहे. कोणासाठी बांधलं होतं?

राहता राहिला तलावपाळीला, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाने, रोज फेऱ्या मारायचा सल्ला. त्याच्याशी माझं भांडण नाही, चालण्याने फरक पडतोच. पण जिला अंघोळीला उठवत नव्हतं ती मावशी गोळ्यांनी सावरल्यावरच मासुंद्यापर्यंत जायला लागली होती.

तिच्या डॉक्टरांनी गोळी पुन्हा सुरू केलीय. कमी करायचं दिवाळीनंतर बघू म्हणालेत. आणखी कोणी हा मेसेज वाचून गोळ्या थांबवल्या असतील, तर आपल्या मनाने काही न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना फोन करा. ते मिळाले नाहीत तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. फुकट आहे, मराठीतही बोलतात.