कौलावर १८६५ छापलंय म्हणून वाडा १८६५ चा होत नाही

नमस्कार काका. सदाशिव पेठेतल्या वाड्यावरच्या लेखावर तुम्ही चांगलंच कडक लिहिलंय, त्यात तुम्ही रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, म्हणजे उत्तर लांबणारच. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कौलांवर बासेल मिशन (मंगलोरी कौलं बनवणारी मिशनरी संस्था) आणि १८६५ छापलंय तर मी वाडा १८५० च्या आधीचा कसा म्हणतो, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, कठडे नि रंगीत काचा ही इंग्रजी भेसळ आहे तेव्हा ती काढून लाकडी कठडे बसवावेत, आणि एवढी डागडुजी चाललीच आहे तर सिमेंटचा गिलावा करून मोकळं का होत नाही.

आधी कौलं. १८६५ हे कारखान्याचं साल आहे, कौलाचं नाही. मंगळूरचा बासेल मिशनचा कारखाना त्या साली सुरू झाला आणि पुढे कितीतरी वर्षं तेच साल कौलांवर उठवत राहिले, अल्बुकर्क या मंगळूरच्याच दुसऱ्या कारखान्याच्या कौलांवर १८६८ दिसतं तेही तसलंच. म्हणजे छापावरून कळतं ते एवढंच की हे कौल १८६५ च्या आधीचं नाही, खालच्या घराचं वय त्यावरून निघत नाही. माळ्यावर चढून बघितलं तर दोन काळांची कामं सरळ वेगळी दिसतात. वासे जाडजूड, वाकस या सुताराच्या हत्यारानं हातानं तासलेले, एकाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू बसवून लाकडी खुंट्या मारलेले, आणि त्यांच्यावर करवतीच्या सरळसोट रिपा, त्या मात्र कारखान्यातल्या खिळ्यांनी ठोकलेल्या. जुनी अर्धगोल नळीची कौलं नुसती एकावर एक दडपलेली असतात, दरवर्षी पावसाआधी शाकारणी करा, म्हणजे ती परत रचून घ्या. मंगलोरी कौलाला मागे टाच असते आणि ती अडकवायला रीप लागतेच, म्हणून रिपा मागाहून आल्या. शिवाय मोडीतलं वाटणीपत्र आहे शके १७७१ चं, म्हणजे १८४९-५०, त्यात भाऊ-भाऊ खण (दोन खांबांमधली जागा) मोजून घर वाटून घेतायत. वाटलं ते घर तेव्हा उभं होतं एवढं तरी मान्य कराल ना?

आता भेसळ. पेशवाई १८१८ ला संपली पण पुण्यातले सुतार-गवंडी काही तिच्याबरोबर संपले नाहीत. घडीव दगडाचं जोतं, तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, त्यावर खांब, खांबाला हस्त म्हणजे आधाराचं आडवं लाकूड, हस्तावर तुळई, मग लाकडी कड्या-फळ्यांचा कडीपाट आणि वर मातीचा थर, ही पद्धत दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबाग वाड्यात आहे तीच इथे, फक्त तिथे दरबारी थाट आणि इथे हात राखून खर्च, दर्शनी ओसरीचे खांब तेवढे सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले, आतले साधे चौकोनी. मग बिडाचे कठडे कधी आले? खंडाळा-पुणे रेल्वे १८५८ ची, बोरघाटातली १८६३ ची, त्याआधी असला वजनदार माल मुंबईहून घाट चढवून बैलगाडीनं आणावा लागायचा, त्यामुळे हे काम त्यानंतरचं असावं असं मी धरतो. आणि कठडे लागलेत कुठे तर फक्त रस्त्याकडच्या माडीला! आतल्या चौकाला जुनेच लाकडी. दिवाणखान्याला रंगीत काचा, आणि बाळंतिणीच्या खोलीला हातभर झरोका, माजघरात तर चौकातून येईल तेवढाच उजेड. घरात पैसा आला तेव्हा तो पाहुण्यांच्या नजरेसाठी खर्च झाला, बायका जिथे दिवसभर राबायच्या तिथे पोचलाच नाही. कठडे नि काचा उचकटल्या तर हे कुणाला कळणारच नाही, सगळं घर सारखंच 'जुनं' दिसेल.

हौदाचंही तेच. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं, ते नळातून पेठांमधल्या हौदांत पडायचं. पुढे १८७९ च्या सुमारास खडकवासल्याचं धरण झालं आणि चौकात तोटी आली. तुमचा नियम लावायचा तर तोटीही काढावी लागेल आणि मग धुणं कुठे धुवायचं ते तुम्हीच सांगा :)

लाकडी कठड्याचं म्हणाल तर रस्त्याकडच्या माडीचा मूळचा एकही तुकडा शिल्लक नाही, नक्षी आपल्या अंदाजानं करावी लागेल, म्हणजे दीडशे वर्षांचा खरा कठडा काढून कालपरवाचा खोटा बसवायचा. ते होणार नाही.

सिमेंटवर मात्र तुम्ही इंजिनिअर असून असं म्हणावं याचं नवल वाटलं. खालच्या भिंती भेंड्याच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या आहेत आणि निम्मे खांब भिंतीत गाडलेले. जोत्यातून ओल वर चढते, चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते, सिमेंटनं कोंडली की लाकडाकडे वळते. मागच्या दोन खोल्यांना कधीतरी कुणीतरी सिमेंट मारून ठेवलंय, तिथला एक खांब तळखड्यापासून हातभर कुजून भुसा झालाय. आता तुळईला टेकू देऊन तेवढा भाग कापायचा आणि जुनंच सागवान मिळवून खाली सांधायचं काम चाललंय, ते झालं की त्या दोन्ही खोल्यांचं सिमेंट खरवडून परत चुनाच लावणार आहोत.