शिक्षा मान्य, पण घडलं काय?

डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्न कसोटीत कोहलीने ऑस्ट्रेलियाचा सलामीवीर कोन्स्टासला खांदा मारला. मॅच फीच्या 20 टक्के दंड, एक डिमेरिट पॉइंट (गैरवर्तनाचा नोंदला जाणारा गुण). कोहलीने मान्य केलं, विषय संपला. इथल्या ऑस्ट्रेलियन समालोचकांना तो स्वस्तात सुटला असं वाटलं, आपल्याकडच्या ग्रुपांवर सूर नेमका उलटा. सुनावणी व्हायला हवी होती, असं मात्र दोन्हीकडे ऐकू आलं.

मला ते पटत नाही. आयसीसीच्या लेव्हल 1 ला, म्हणजे सर्वांत सौम्य गुन्ह्यांना, पंच आरोप ठेवतात, सामनाधिकारी (मॅच रेफरी) शिक्षा सुचवतो, खेळाडूने कबूल केलं की सुनावणी लागत नाही. कमाल शिक्षा अर्धी मॅच फी आणि दोन डिमेरिट. 24 महिन्यांत चार जमले तर बंदी. जे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यासाठी वकील कशाला?

गोची मोठ्या प्रकरणांत होते. हरभजनने ऑस्ट्रेलियाच्या सायमंड्सला वर्णद्वेषी बोलल्याचा 2008 चा वाद आपण 'न्याय मिळाला' म्हणून लक्षात ठेवलाय. सिडनीत सामनाधिकारी प्रॉक्टर यांनी तीन कसोटींची बंदी घातली. जानेवारी 2008 च्या अखेरीस ॲडलेडला न्यायमूर्ती हॅन्सन यांच्यापुढे अपील आलं, सचिनची साक्षही झाली. पण वर्णद्वेषाचा आरोप जाऊन शिवीगाळीचा उरला आणि अर्ध्या मॅच फीवर भागलं. हरभजनचे आधीचे सगळे गुन्हे आयसीसीने न्यायमूर्तींपुढे ठेवलेच नव्हते, हे नंतर कळलं. माहीत असते तर शिक्षा वाढवली असती, असं हॅन्सन यांनीच सांगितलं. म्हणजे सुनावणी होऊनही कागद अर्धवट असले तर व्हायचं तेच होतं.

ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये दुसरी चूक केली. केपटाउन कसोटीत सँडपेपरने चेंडू खराब केल्याबद्दल बोर्डाने स्मिथ-वॉर्नरला 12 महिने, बॅनक्रॉफ्टला नऊ महिने बाहेर बसवलं. दाद मागायचा हक्क होता, तिघांनीही तो सोडला. त्यामुळे उलटतपासणी नाही आणि गोलंदाजांना काय ठाऊक होतं हा प्रश्न तसाच. 2021 मध्ये बॅनक्रॉफ्टच्या एका मुलाखतीने तो पुन्हा उकरला गेला. वॉर्नरवरची आजन्म कर्णधारबंदी तर ऑक्टोबर 2024 पर्यंत रेंगाळली. मधे 2022 मध्ये फेरविचाराची सुनावणी जाहीर घेण्याचा घाट दिसताच त्याने अर्जच मागे घेतला. (उघड सुनावणी हवी होती ती स्वतंत्र समितीला, बोर्डाला ती बंद दाराआडच चालली असती, हे त्यातलं विशेष.)

एका सामन्यापेक्षा जास्त बंदी तडजोडीने ठरत असेल, तर सह्या होण्याआधी खेळाडूचा जुना रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी तपासावा, आणि मान्य झालेल्या घटनाक्रमाबरोबर कोणाकोणाची चौकशी झाली, कोणाची नाही, तेही छापावं. बीसीसीआयनेही आयपीएलच्या निकालपत्रकांत एवढं करून बघावं.